कृपया लिहून सांगा

लिस्ट बंद होणार असल्याचा मेल आला तेव्हा मी भाकरी थापत होते. नवरा मागून आला आणि त्यानं फोनच माझ्या डोळ्यांसमोर धरला. माझ्या स्वयंपाकाच्या वेळी आसपास फिरकायचं नाही हे त्याला लग्नानंतर फार लवकर कळलेलं होतं, आणि तो ते पाळायचाही. पिठाचे हात वर करून मी काहीतरी टोचून बोलणारच होते, पण त्याचा चेहरा बघितला आणि मुकाट्यानं गॅस बारीक केला.

मेल छोटाच होता. नवीन मंडळी मेल लिहायला घाबरतात, त्यामुळे आपली मेलिंग लिस्ट पुढच्या महिन्यापासून बंद करत आहोत. त्याऐवजी चॅट ग्रुप काढला आहे, सगळ्यांनी तिकडे यावं. खाली एक वाक्य होतं: तिथे बोलूनही विचारता येतं, टाइप करायची गरज नाही. नवऱ्याचा अंगठा त्या वाक्याखाली होता.

"आते कसं?" तो आमच्या अहिराणीत म्हणाला.

मी मेल पुन्हा वरपासून वाचला. भाकरी मात्र करपली.

माझ्या नवऱ्याला ऐकू येत नाही. म्हणजे दार आपटलं तर कळतं, कुकरची शिट्टी जवळ उभं असलं तर कळते, पण बोलणं कळत नाही. आवाज येतो, त्यातले शब्द येत नाहीत. हे मला, आमच्या मुलीला आणि एका डॉक्टरला माहीत होतं. चौथ्या कुणाला कळू नये म्हणून आम्ही दोघं जिवाचा आटापिटा करत होतो, कारण ते कळलं की त्याची नोकरी जाणार हे उघड होतं. (लिहिताना मी त्याला 'तो' म्हणते आहे. घरी 'तुम्ही' म्हणते, आणि नाव तर आजतागायत घेतलेलं नाही. इथेही घेणार नाही.)

आम्ही खानदेशातले. लग्न होऊन मी सुरतेत, नवागामला आले तेव्हा तो लूमवर, म्हणजे कापडाच्या मागावर होता, मिसरूड फुटायच्या आधीपासून होता. सुरतेत कारखान्याला खातं म्हणतात. त्याच्या खात्यात मी एकदाच डबा द्यायला गेले होते आणि कानावर हात दाबून पळत परत आले. तिथली माणसं एकमेकांशी ओठांनी आणि हातांनी बोलायची. कुणाला कुणाचं ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून बहिरं कोण झालं आणि कधी झालं हेही कुणाला कळत नव्हतं. माझ्या नवऱ्यालाही कळलं नाही. मला वाटायचं हा माझं बोलणं मुद्दाम न ऐकल्यासारखं करतो, आणि त्यावरून मी पुष्कळ भांडलेही.

मग ते जुने लूम भंगारात गेले आणि तो घरी बसला. घरी शांतता होती. त्या शांततेत त्याचं बहिरेपण उघडं पडलं.

तेव्हा मी घरी बसून पंचिंग करत होते. साडीवर, ड्रेसवर मशीनची जी एम्ब्रॉयडरी असते, तिची नक्षी आधी कॉम्प्युटरवर टाका-टाका मांडावी लागते. सुई कुठे पडेल, दोरा कुठे तुटेल, कुठला रंग आधी, हे सगळं. त्याला पंचिंग म्हणतात. दिंडोलीतल्या एका क्लासात मी ते अर्धवट शिकले. उरलेलं अर्धं शिकवलं त्या मेलिंग लिस्टनं.

लिस्ट म्हणजे काय, तर एका पत्त्यावर मेल पाठवला की तो तिथल्या सगळ्यांना जातो, आणि कुणी उत्तर दिलं की तेही सगळ्यांना. पंचिंग करणारे कुठकुठले लोक त्यात होते. हिंदी, मराठी, गुजराती, मोडकं इंग्रजी, सगळं चालायचं. एक निवृत्त गृहस्थ ती सांभाळायचे, बंद करण्याचा मेलही त्यांचाच होता. त्यांना मी कधी पाहिलं नाही, ते जाड की बारीक हेही मला माहीत नाही.

पहिला मेल लिहायला मला किती दिवस लागले ते सांगायची लाज वाटते. आपलं अडाणीपण इतक्या लोकांपुढे एकदम जाणार, शिवाय ते तिथे कायमचं राहणार, कारण लिस्टवरचं काही पुसता येत नाही. सुरुवात मी 'सर्वांना नमस्कार, घरी सगळे मजेत असतील' अशी केली आणि शेवटी चूकभूल माफ करा असं लिहिलं, मावशीला पत्र लिहावं तसं. उत्तर दोन-तीन दिवसांनी आलं. कुणीतरी माझी एकेक ओळ वर ठेवून तिच्याखाली शांतपणे उत्तर लिहिलं होतं. अगदी 'घरी सगळे मजेत असतील' या ओळीखालीही लिहिलं होतं, 'हो, मजेत आहेत, धन्यवाद.' मी ते वाचून रडले होते. आता हसू येतं.

तर गृहस्थांचं म्हणणं खोटं नव्हतं. लिस्टची भीती वाटायचीच. पण ती एकदाच वाटायची, पाण्यात पहिली उडी मारताना वाटते तशी. आत गेलं की कुणाला घाई नसायची. दोन दिवस विचार करून विचारा, दोन दिवसांनी उत्तर घ्या.

नवरा माझ्याशेजारी बसून शिकला आणि बघता बघता माझ्यापुढे गेला. कापड त्याच्या बोटांना माहीत होतं. लिस्टवरचे मेल तो सकाळी चहाबरोबर वाचायचा, लोक पेपर वाचतात तसा, आणि स्वतःही लिहायचा. तिथं कुणाला त्याला दोनदा हाक मारावी लागत नव्हती. कुणी 'अहो, लक्ष कुठंय' म्हणत नव्हतं. तिथं तो इतरांसारखाच एक माणूस होता. लूम गेल्यापासून मी त्याला इतकं ताठ बसलेलं दुसरीकडे कुठेच पाहिलं नाही.

त्याच जोरावर त्याला नोकरी लागली. पांडेसऱ्याजवळच्या एका एम्ब्रॉयडरीच्या खात्यात, एसीच्या केबिनमध्ये, पंचिंगला. मुलाखतीला मी बरोबर गेले. मीही हेच काम करते, असं सांगून मध्ये मध्ये बोलत राहिले. शेठ तोंडात मावा धरून बोलत होता, त्याचे ओठ हलतच नव्हते. नवरा त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होता आणि मी मनातल्या मनात देवाला नवस बोलत होते. शेठला वाटलं माणूस फार आदबशीर आहे.

खात्याचा मास्तर, म्हणजे सगळ्या कारागिरांवर देखरेख करणारा, आमच्याच खानदेशातला निघाला. मला बरं वाटलं, पण ते फार टिकलं नाही. पहिल्याच आठवड्यात मास्तरानं बोलता बोलता सांगितलं की मागे एका मशीनवाल्याला शेठनं काढून टाकलं, त्याला कमी ऐकू यायचं म्हणून. मशीन चालू असताना मागून हाक मारली तर कळायचं नाही त्याला, कुणी मेलंबिलं तर कोण बघणार, असं शेठ म्हणाला म्हणे. मास्तर हे माझ्या नवऱ्याच्या समोर उभं राहून, सावकाश सांगत होता, म्हणून ते त्याला कळलं. घरी येऊन त्यानं मला सांगितलं आणि म्हणाला, "कोनले सांगू नको."

मी काय कुणाला सांगणार. डॉक्टरनं कानात घालायचं यंत्र घ्या म्हणून सांगितलं होतं, तेही यानं नको म्हटलं, कारण ते दिसतं. त्याचं बरोबर होतं. दिसलं असतं.

शेठ सगळं काम फोनवर बोलून पाठवायचा. व्हॉइस मेसेज. 'अरे भाई, वो जो कल वाला बॉर्डर था ना' इथून सुरू होऊन कुठेही संपणारे. फोन बोललेलं आपोआप लिहून दाखवतो म्हणतात, पण शेठचं गुजराती-हिंदी-मावा असं मिश्रण त्याच्याही आवाक्याबाहेरचं होतं. मग आम्ही एक रीत बसवली. शेठचा मेसेज आला की नवरा तो तसाच माझ्याकडे धाडायचा. मी घरी ऐकायची, लिहायची, परत पाठवायची. 'पान हिरवं नको, मेहंदी रंग. दांडा बारीक. गुरुवारी सॅम्पल.' केबिनमध्ये बसून तो ते वाचायचा आणि मान डोलवायचा.

म्हणजे त्याचा कान नवागामात होता आणि बाकीचा तो पांडेसऱ्यात.

ते दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. फोन ओट्यावर, फोन मोरीच्या उंबऱ्यावर, फोन देवाशेजारी. भाजीला गेले तरी कानाला. शेजारीण म्हणायची, या वयात कुणाशी चालू आहे तुझं? मी हसायची. आतून मात्र एकच धास्ती, की एखादा मेसेज माझ्याकडून हुकेल, मला उशीर होईल, आणि तिकडे शेठ त्याच्यासमोर उभा राहून विचारेल की सांगितलेलं केलं का नाही.

कामातलं काही अडलं तर मात्र त्याला मी लागत नव्हते. त्यासाठी लिस्ट होती. आणि आता तीच बंद होणार होती.

ग्रुपवर आम्ही दोघंही गेलो. गृहस्थांची गोष्ट खरी ठरली, नवीन लोक भराभर आले. लिस्टवर वर्षानुवर्षं तोंड न उघडलेल्या बायका तिथे पहिल्याच दिवशी फुलांचे फोटो टाकू लागल्या. कुणी विचारलं की मिनिटाभरात चार उत्तरं. मलाही सुरुवातीला मजा वाटली, खोटं कशाला बोलू.

पण ती उत्तरं बोललेली असायची. जुनी जाणकार मंडळी, ज्यांचे लांबलचक मेल माझा नवरा जपून ठेवायचा, तीच आता गाडी चालवताना, जेवताना, मशीनच्या खडखडाटात उभं राहून बोलून मोकळी होत होती. माझ्या नवऱ्याच्या पडद्यावर नुसत्या आडव्या रेघा येत होत्या. वर्षभर ज्यांच्याशी तो लिहून बोलला, ती सगळी माणसं एकदम मुकी झाली त्याच्यासाठी.

आणखी एक होतं. लिस्टवर नुसता मेलचा पत्ता दिसायचा. ग्रुपवर नंबर दिसतो, नाव दिसतं, फोटो दिसतो. आत गेल्यावर दुसऱ्याच दिवशी नवऱ्यानं मला सदस्यांची नावं दाखवली. त्यात त्याचा मास्तर होता. शेठच्या ओळखीतले आणखी दोघं होते. अख्ख्या सुरतेचं पंचिंग तिथं होतं.

तरी त्यानं एकदा धीर करून विचारलं. प्रश्न विचारला आणि खाली लिहिलं, 'कृपया लिहून सांगा.' दोन व्हॉइस मेसेज आले. त्यानं पुन्हा लिहिलं, 'कृपया लिहून सांगा.' कुणीतरी हसऱ्या चेहऱ्यांची रांग लावली. कुणी लिहिलं, 'भाऊ, साहेब झाले का, अर्ज करू?' आणखी एकानं लिहिलं, 'ऐकायला काय जड जातं?' त्या शेवटच्यानं सहज लिहिलं असणार. पण आम्ही दोघं ती ओळ जेवणाच्या ताटावर किती वेळ वाचत बसलो. याला काही कळलंय का? हा मास्तराच्या ओळखीतला आहे का? नवऱ्यानं त्यानंतर ग्रुपवर काही विचारलं नाही. ग्रुपवरचे मेसेजही तो माझ्याकडे धाडू लागला आणि माझं काम दुप्पट झालं.

सीझनच्या तोंडावर माझ्या बहिणीच्या मुलीचं लग्न निघालं, कडोदऱ्याला. हळदीला मी जाणार होते. नवऱ्याला सुटी मिळणार नव्हती. मी म्हटलं, मी नाही जात. तो म्हणाला, सख्ख्या भाचीची हळद आणि तू जाणार नाहीस, मग लोक विचारतील का नाही आली म्हणून. तेही खरं होतं. आमच्यासारख्यांना न जाण्याचंही कारण द्यावं लागतं. फोन बरोबर आहेच की, असं आम्ही एकमेकांना सांगितलं.

आमच्याकडे हळद म्हणजे डीजे आलाच. मांडवात पाऊल टाकलं आणि छातीत धडधडायला लागलं, इतका आवाज. फोन पर्समध्ये, पर्स बहिणीच्या कपाटात, हात कोपरापर्यंत हळदीचे. मी दोनदा म्हटलं की जरा फोन बघून येते, दोन्ही वेळा कुणीतरी ओढून नाचायला नेलं. त्या आवाजात मला स्वतःचं बोलणंही ऐकू येत नव्हतं. तेवढ्यापुरती मीही त्याच्यासारखी झाले होते, पण ते सुचलं नंतर. तेव्हा मी नाचत होते.

फोन हातात घेतला तेव्हा जेवणं उरकत आली होती. पडद्यावर त्याचे मेसेज एकाखाली एक. ग्रुपवरचे व्हॉइस मेसेज माझ्याकडे धाडलेले, आणि मधूनमधून त्याचं लिहिणं. 'लिही धाड.' 'कुठे शे?' 'शेठ संध्याकाळी सॅम्पल मागस.' 'लिही धाड ना.' मग काहीच नाही.

कापडावर चमकत्या टिकल्या शिवायचं काम होतं. सुई टिकलीच्या भोकातच पडायला हवी. कडेवर पडली की दोरा तुटतो, आणि त्याचा दोरा एकाच जागी पुन्हा पुन्हा तुटत होता. त्यानं ग्रुपवर विचारलं होतं. जाणकारांनी बोलून सांगितलं होतं. उपाय त्याच्या हातातल्या फोनमध्ये होता आणि त्याला तो कळत नव्हता.

मी ग्रुप उघडला. सगळ्या व्हॉइस मेसेजच्या खाली त्याचं वाक्य होतं.

'मला ऐकू येत नाही. कृपया लिहून सांगा.'

मी कपाटाला टेकून तिथेच खाली बसले. बहीण विचारत होती काय झालं, मी म्हटलं पित्त. मग मी काय केलं, तर त्याला फोन लावला. पुन्हा लावला. माझ्या बहिऱ्या नवऱ्याला मी फोन लावत होते आणि तो उचलत नाही म्हणून घामाघूम होत होते. भीतीनं माणसाची अक्कल जाते ती अशी. मग टाइप केलं, 'पुसा ते. लगेच पुसा. सगळ्यांसाठी पुसा.' हळदीची बोटं पडद्यावर उमटत होती आणि अक्षरं भलतीच पडत होती.

ग्रुपवर तेवढ्यात कुणीतरी लिहिलं. एका अनोळखी नंबरानं व्यवस्थित, टप्प्याटप्प्यानं, मेलवर लिहायचे तसं पूर्ण उत्तर लिहिलं होतं. टिकली सुटण्याचा वेळ किती मागे घ्यायचा, टाक्याची लांबी किती. नवऱ्यानं खाली 'धन्यवाद' लिहिलं. हळूहळू लोक त्या उत्तरावर अंगठ्याची खूण लावत गेले. कुणी कुणी लावली ती नावं बघत मी खाली खाली गेले. त्यात मास्तर होता, म्हणजे त्यानं वाचलं होतं.

नवऱ्याचं उत्तर आलं, 'सॅम्पल झालं.' पुसण्याबद्दल काही नाही.

संध्याकाळी घरी आल्या आल्या मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि ओठ ताणून म्हटलं, "पुसलं का नाही?"

तो चपला काढत होता. "खाले जवाब लिखेल शे," तो म्हणाला. "सवाल पुसा तर जवाब कसाना ते कोनले समजी? उद्या कोनी नवा माणूस येई, तेले काममा येई."

मी डोकं धरून बसले. लिस्टची शिस्त. प्रश्न आणि उत्तर एकत्र राहिलं पाहिजे, मागून येणाऱ्याला शोधता आलं पाहिजे, म्हणून कुणी काही पुसत नाही. ती लिस्ट मेली, तरी हा तिचे नियम पाळत बसला होता. मी त्याला म्हटलं, अहो, तो ग्रुप आहे, उद्या दुपारपर्यंत तुमचा प्रश्न फुलांच्या फोटोखाली गाडला जाईल, कोण नवा माणूस शोधायला येणार आहे? आणि ज्यांनी शोधायला नको त्यांनी वाचलंय. पण तो बधला नाही, आणि दोन दिवसांत पुसायची मुदतही टळून गेली. तो मेसेज आता तिथेच राहणार होता.

त्यानंतरचा आठवडा मी नीट जेवले नाही. तो कामावर गेला की मी त्याच्या परत येण्याची वाट बघायची, आणि आला की आधी चेहरा बघायची. रोज चेहरा तसाच. मास्तर काही बोलला का? नाही. शेठ? नाही. शेठचे मेसेज येणं मात्र एकाएकी कमी झालं होतं. मला तेच जास्त भिववत होतं. ज्याला काढायचं ठरलं त्याला काम कशाला सांगतील, असं मनात यायचं. नवऱ्याला मी हे सांगितलं नाही. त्याच्याही मनात तेच असणार, कारण तोही मला काही बोलत नव्हता.

रविवारी दुपारी दार वाजलं. मी उघडलं तर मास्तर.

आमच्या घरी तो कधी आलेला नव्हता. नवरा पलंगावर बसून नखं कापत होता. त्यानं मास्तराला बघितलं आणि उभा राहिला. हातातलं नेलकटर त्यानं का कोण जाणे खिशात ठेवलं. मी पाणी आणलं, चहा टाकला. आधण उकळून उतू गेलं तरी माझं लक्ष नव्हतं. माणूस रविवारी घरी येऊन सांगतो ते चारचौघांत सांगण्यासारखं नसतं, एवढं मला कळत होतं. निदान तेवढी लाज राखली त्यानं, असंही वाटलं. पुढे काय करायचं याचा हिशोब मी गॅससमोर उभी राहूनच सुरू केला होता.

चहा घेऊन बाहेर आले तर मास्तर खुर्चीच्या कडेवर बसला होता. नवऱ्याशी काही बोलला नव्हता. त्यानं कप घेतला, खाली ठेवला, दाराकडे बघितलं. मी दार लोटून घेतलं. मग त्यानं स्वतःचा फोन काढला आणि नवऱ्याला नाही, मला दिला.

"वहिनी," तो म्हणाला, "शेठ यामा काय म्हनी ऱ्हायना, तेवढं माले लिही द्या."

मला काही उमजेना. तो पुन्हा बोलला, गरजेपेक्षा मोठ्यानं. "पहिले मनी पोर लिही दे माले. ती आते सासरी गई. मी बी लूमवरनाच शे."

नवरा माझ्याकडे बघत होता. त्याला मास्तराचे ओठ बाजूनं दिसत होते, पुरतं कळलं नव्हतं. मी खुणेनं मास्तराचा कान दाखवला आणि मान हलवली. नवरा हळूच खाली बसला.

फोनवर शेठचे न ऐकलेले मेसेज होते, आठवडाभराचे. मास्तर इतके दिवस ते खिशात घेऊन फिरत होता आणि शेठ समोर आला की अंदाजानं हो-नाही करत होता. ग्रुपवर माझ्या नवऱ्याची ओळ वाचली तेव्हा त्याला कळलं म्हणे, की याच्यासाठी कुणीतरी घरी बसून लिहीत असणार. मी मुलीची जुनी वही घेतली आणि ऐकायला बसले. पहिला मेसेज दोऱ्याच्या गाडीबद्दल. लिहिला. दुसरा एका कारागिराच्या सुटीबद्दल. लिहिला. मास्तर वाचून मान डोलवत होता, अगदी आमच्या ह्यांच्यासारखी.

तिसऱ्यात शेठ म्हणत होता, "मास्टर, वो नया पंचिंगवाला. किसीने मुझे ग्रुप का दिखाया, लिखा है सुनाई नहीं देता. सच है क्या? सच है तो दूसरा आदमी ढूंढो. पता करके बताओ."

खोलीत तिघं होतो आणि ते ऐकलं होतं फक्त मी. दोघंही माझ्या हाताकडे बघत होते, पेन कधी हलतं म्हणून. मला सुचलं नाही असं नाही. सॅम्पल लवकर द्या म्हणतात, एवढं लिहिलं असतं तर दोघांनीही मानलं असतं. पण मास्तर विश्वासानं आला होता, आणि मी आजवर नवऱ्याला एकही शब्द इकडचा तिकडे करून दिला नव्हता. मी जसंच्या तसं लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं. वही मी दोघांच्या मध्ये ठेवली.

दोघांनी एकदम वाचलं. नवऱ्यानं डोळे मिटून घेतले. मास्तरानं पुन्हा एकदा वाचलं, मग त्यानं माझ्या हातून फोन घेतला, बटण दाबून धरलं आणि फोन तोंडाजवळ नेला.

"नहीं सेठ," तो म्हणाला, "बराबर सुनता है. मैंने खुद देखा है. वो किसी और के लिए लिखा था."

त्याचा आवाज इतका मोठा होता की बाहेर ओट्यावर बसलेल्या बायका बोलायच्या थांबल्या. त्यानं बटण सोडलं, मेसेज गेल्याची खूण दिसली. मग तो माझ्याकडे वळला आणि विचारू लागला की आवाज नीट गेला ना, शेठला काही वाटणार नाही ना.